शेवटच्या संगणकापाशी

३० ऑगस्ट २००७. स्वीडनमधल्या डॅन एगेरस्टाड या तरुण संगणक-सल्लागाराने आपल्या संकेतस्थळावर एक यादी टाकली. शंभर ईमेल खाती आणि प्रत्येकापुढे त्याचा पासवर्ड. इराण, कझाकस्तान, उझबेकिस्तान यांचे दूतावास, नेपाळमधलं ब्रिटनचं व्हिसा कार्यालय, हाँगकाँगची मानवी हक्क संघटना. भारताचीही खाती होती: चीन, अमेरिका, जर्मनी इथले दूतावास, डीआरडीओ आणि आपल्या खडकवासल्याची एनडीए.

यादी खरी आहे का, हे ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या वार्ताहराने एक पासवर्ड वापरून पाहिलं. चीनमधल्या भारतीय राजदूतांचं खातं उघडलं. आत चिनी परराष्ट्रमंत्र्यांबरोबरच्या एका बैठकीचा वृत्तान्त होता.

आता प्रश्न एकच होता. इतक्या देशांच्या दूतावासांत एकट्या माणसाने घरफोडी केली कशी?

दहा-बारा दिवसांनी एगेरस्टाडनेच ते सांगितलं. त्याने कुणाचंही कुलूप तोडलं नव्हतं. तो फक्त रस्त्याच्या शेवटी बसून राहिला होता. तो रस्ता म्हणजे टॉर.

टॉरची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्मली. इंटरनेटवर मजकूर कितीही कुलूपबंद केला तरी कोण कुणाशी बोलतंय, हे वाटेवरच्या प्रत्येकाला दिसतं, आणि तेवढंच कळलं तरी पुष्कळ कळतं. म्हणून तुमचा संदेश थेट न पाठवता तीन अनोळखी संगणकांमधून फिरवायचा. त्याच्यावर कांद्यासारखे तीन पापुद्रे चढवायचे आणि प्रत्येक संगणकाने आपल्या वाट्याचा एकच सोलायचा. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, कुठे निघालात ते नाही. मधल्याला फक्त आपले दोन शेजारी माहीत. शेवटच्याला मुक्काम कळतो, प्रवासी कोण ते नाही. हे संगणक जगभरचे स्वयंसेवक चालवतात. कुणीही चालवू शकतं, अगदी तुम्ही-आम्हीसुद्धा. यापेक्षा सुंदर युक्ती इंटरनेटच्या इतिहासात मला फारशी दिसत नाही. दडपशाहीच्या राज्यातल्या पत्रकाराला तिने खरोखर आसरा दिला आहे.

पण शेवटचा पापुद्रा सोलला की उरतो तो गाभा. तो मुळात कुलूपबंद नसेल, तर शेवटच्या संगणकाच्या मालकाला तो जसाच्या तसा वाचता येतो. टॉर बनवणाऱ्यांनी हे लपवलं नव्हतं, त्यांच्या सूचनांमध्ये ते लिहिलेलंच होतं. फक्त वाचतो कोण? त्या काळी अनेक ईमेल प्रोग्रॅम नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत सर्व्हरकडे पाठवत. पासवर्ड सोपा असो की वीस अक्षरी किचकट, वाटेत तो पोस्टकार्डावरच लिहिलेला असे.

एगेरस्टाडने असे पाच शेवटचे संगणक चालवले आणि त्यांतून जाणाऱ्या रहदारीत ठरावीक शब्द टिपण्याची सोय केली. पासवर्ड आपोआप साचत गेले. एकूण खाती हजारच्या घरात गेली. जाहीर केली ती त्यातली शंभर.

इथे हमखास विचारलं जातं: या लोकांनी टॉरच्या जोडीला व्हीपीएन घेतलं असतं तर? व्हीपीएन म्हणजे तुमच्यापासून एका कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा बंद बोगदा. आधी व्हीपीएन आणि मग टॉर, असा क्रम लावला तर एगेरस्टाडला काहीच फरक पडला नसता, कारण तो बसला होता दुसऱ्या टोकाला. हा क्रम पहिल्या टोकाची राखण करतो. ती किती लागते, हे डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डला दिसलं. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉरला कोण जोडलं गेलं होतं, एवढंच नोंदींत पाहिलं गेलं. पोलीस दारात आले, त्याने कबुली दिली.

उलटा क्रम लावला, आधी टॉर आणि त्याच्या पोटातून व्हीपीएन, तर शेवटच्या संगणकाला नुसता गोंधळ दिसतो. एगेरस्टाडच्या हाती काही लागलं नसतं. पण मग बोगद्याच्या तोंडाशी व्हीपीएन कंपनी असते. पोस्टकार्ड आता तिला वाचता येतं, आणि तिच्याकडे तुमचं खातं असतं, बहुधा कार्डाने भरलेले पैसेही. तीन अनोळखी लोकांमध्ये वाटून टाकलेला विश्वास पुन्हा एकाच्या हवाली झाला. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि इतर तपशील पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. म्हणून ही जोडी लावताना ‘दुप्पट सुरक्षित’ असं धरून चालू नये, असं मी कळकळीने सांगेन. नीट समज असल्याशिवाय ती लावू नका, असं टॉरवालेही म्हणतात. त्या दूतावासांना व्हीपीएनपेक्षा एका साध्या गोष्टीची गरज होती: ईमेल प्रोग्रॅमपासून सर्व्हरपर्यंत स्वतःचं कुलूप.

पण त्यांना खरंच टॉरची गरज होती का? इथे या कथेचं दुसरं दार उघडतं, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करतं. दूतावासातला कारकून रोजचं टपाल पाहायला टॉर कशाला लावेल? एगेरस्टाडलाही हे खटकलं, आणि त्याने मांडलेला तर्क साधा आहे. टॉरमधून ही खाती उघडणारे बरेच जण त्यांचे मालक नव्हतेच. पासवर्ड आधीच चोरीला गेले होते. चोर रोज टपाल वाचायला येत होते आणि आपला माग लागू नये म्हणून टॉरमधून येत होते. त्याने पकडले होते ते चोरांच्या हातातले पासवर्ड.

नोव्हेंबर २००७ मध्ये पोलीस एगेरस्टाडच्या माल्मोतल्या घरी आले. संगणक उचलून नेले, त्याची चौकशी करून त्याला सोडलं. तो कोण, हे त्यांना माहीत होतं. ते त्यानेच जाहीर केलं होतं. त्याच्याआधी ती खाती वाचणारे कोण, हे मात्र त्या पाच संगणकांना सांगता येण्यासारखं नव्हतं. तिथे पासवर्ड स्वच्छ दिसत होता, आणि तो कुठून आला याच्या जागी फक्त मधल्या संगणकाचा पत्ता.