धोटा गल्लीत, हँगर गोदामात

२०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. ४३७ किलोमीटरची ती सायकल शर्यत पाहून हुरूप चढलेले काही जण आता पाऊण-एक लाखाची रोड बाइक शोधत फिरताहेत. फ्रेमचा रंग केव्हाच ठरलेला असतो, घोडं अडतं ते गिअरवर. शिमानो, स्रॅम की कंपान्योलो?

तिघांची कुळं तशी देखणी. शिमानो १९२१ साली जपानच्या साकाई शहरात फ्रीव्हील घडवत उभी राहिली. तुलिओ कंपान्योलोनं १९३३ मध्ये इटलीतल्या विचेंझात कारखाना काढला; चाक झटक्यात सोडवणारा क्विक रिलीज त्याचाच. स्रॅम शिकागोची, १९८७ सालची. फरक कळतो तो बोटांना. शिमानोच्या तारेवाल्या गिअरला ब्रेकचा दांडाच आत ढकलायचा. स्रॅमला एकच कळ, थोडी दाबली तर मागचा गिअर जड, लांबवर दाबली तर हलका. कंपान्योलोत अंगठ्यालाही काम. कुठलीही सवय आठवड्यात लागते. त्यावरून भांडणाऱ्यांना भांडू द्यावं.

मला अक्कल शिकवली ती भिवंडीतल्या माझ्या शेजारच्या जॉबरनं, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्यानं. गेल्या पावसाळ्यात माणकोलीजवळच्या खड्ड्यात माझी सायकल उजव्या कुशीवर पडली. मागचा गिअर बदलणारा डिरेलर स्पोकला घासू लागला. वाकला होता हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला बोटभर तुकडा. जॉबरनं तो तळहातावर उलटापालटा केला.

‘‘हा भिवंडीत मिळतो?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मशीन घेतलंच कशाला?’’

त्याच्या शेडमधले माग जुनेपुराणे, पण धोटा किंवा पिकर असा सुटा भाग गेला तर पोरगं सायकल मारत गल्लीत जातं आणि घेऊन येतं. माग चालतो तो त्या पोराच्या भरवशावर.

हँगर ऑनलाइन मागवला. आठव्या दिवशी आला. पाकिटावर रवानगीचं गोदाम वाचलं, तर भिवंडीच! घरापासून सहा किलोमीटर. मधले दिवस तो कुठं हिंडला, देव जाणे.

तेव्हापासून ब्रँड निवडताना मी आधी सुट्या भागांचा विचार करतो. एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचा डिरेलर सहसा जमत नाही. प्रत्येक टिचकीला तार किती ओढायची, याचं माप वेगळं. हायड्रॉलिक ब्रेकचं तसंच. शिमानोला मिनरल ऑइल, तर स्रॅमच्या रोड ब्रेकला बहुतेक डॉट फ्लुइड. अदलाबदल केली की आतले रबरी सील फुगतात. डॉट मोटारसायकलच्या स्पेअरवाल्याकडेही मिळतं, हा स्रॅमचा गुण. पण ते हवेतला ओलावा शोषतं. आपल्याकडच्या जुलैत ओलावा किती, हे सांगायला नको.

म्हणून माझं मत शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा या साध्या घराण्याला. फार वेगवान नाही, पण ठाणे-कल्याणच्या दुकानात चेन, कॅसेट मिळायची आशा असते. कसारा घाट चढायचा असेल तर नावाऐवजी दात मोजा. पुढं ३४ आणि मागं ३४ असले की पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा, आणि गुडघे दुवा देतात.

आणि हँगर? तो कुठल्याच गिअर कंपनीच्या नावावर ठरत नाही, फ्रेमवर ठरतो. सायकल घेतानाच दोन मागून घ्या. माझा एक सीटखालच्या पिशवीत असतो. जॉबर दिसला की त्याला तो काढून दाखवावासा वाटतो.