नांदेडचा सुभा : किल्ले हाती, तिजोरी रिकामी

जुलै 1636. शाहजहानने अवघ्या सतरा वर्षांच्या औरंगजेबाला दख्खनचा सुभेदार नेमलं. दरबारी इतिहासात या मुलखाचं वर्णन मोठं झोकदार आहे : चार सुभे, 64 किल्ले, त्यांतले 53 डोंगरी, वसूल पाच कोटी रुपये. चारांपैकी एक सुभा तेलंगणाचा; त्याचं मुख्य शहर नांदेड आणि मुख्य किल्ला कंधार. आजच्या तेलंगण राज्याशी मात्र याची गल्लत करू नये. तिकडचा बराचसा मुलूख तेव्हा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडेच होता.

हा मुलूख जिंकायलाही घाम गाळावा लागला होता. दख्खनमध्ये भीषण दुष्काळ असताना, 1631 साली, नसिरीखानाने चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घालून कंधार घेतला. हाच सरदार पुढे खान-इ-दौरान झाला आणि 1636 मध्ये त्याने उदगीर व औसा हे किल्लेही जिंकले. उदगीरचा निजामशाही किल्लेदार सिद्दी मिफ्ताह याला मोगलांनी मनसब देऊन आपल्याकडे ओढलं. कालचा शत्रू आज पगारावर, ही सरहद्दीची जुनीच रीत.

कंधार, उदगीर, औसा हे तिन्ही भुईकोट. डोंगराचा आडोसा नाही. भरवसा खंदकाचा, तटाचा आणि आतल्या शिबंदीचा. शिबंदी म्हटली की दाणा, दारूगोळा आणि पगार आलाच. विजापूर आणि गोवळकोंड्याशी तह झालेला असला तरी उदगीरजवळचं बीदर विजापूरकरांकडे होतं आणि पूर्वेला कुतुबशाही. फौज कमी करण्याची सोय नव्हती.

पैसा आणायचा कुठून? दरबारी इतिहासातले पाच कोटी सोडा, पुढे कागदावरही दख्खनचा आकार 3 कोटी 62 लाखांचाच. 1652च्या सुमारास हाती येत होते जेमतेम एक कोटी. जहागिरीच्या कागदावर वर्षाचा पगार लिहिलेला असे, प्रत्यक्षात तीन-चार महिन्यांपुरतंच उत्पन्न निघे. मग मनसबदार घोडेस्वार कमी ठेवत आणि रयतेला पिळत. रयत गाव सोडून जाई, शेतं पडीक पडत, वसूल आणखी घटे. त्यात 1644 ते 1652 या आठ वर्षांत खान-इ-दौरान, इस्लामखान, शाहनवाजखान, शाहजादा मुराद, शायिस्ताखान असे सुभेदार एकामागून एक बदलले. नव्याला मुलूख समजेपर्यंत त्याची बदली!

त्याच शतकात स्पेनची न्यू मेक्सिको ही वसाहतही अशीच अडचणीत होती. सांता फेला मेक्सिको शहराकडून येणारा रसदीचा तांडा साधारण तीन वर्षांतून एकदा निघे आणि वाटेतच सहा महिने घालवी. 1680 मध्ये तिथल्या प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलून दिलं. बारा वर्षं ते परतू शकले नाहीत. नांदेड इतकं एकाकी नव्हतं, पण दूरच्या दरबाराचा हात आखडता असण्याचं दुखणं तेच. औरंगजेब 1653 मध्ये दुसऱ्यांदा दख्खनला आला, तेव्हा तूट भरून काढण्यावरून बापलेकांत पत्रांची खडाजंगी सुरू झाली. बऱ्हाणपूरचे आंबे नीट पोचत नाहीत, ही बादशहाची तक्रारही त्यातच.

यातून वाट काढली ती खुरासानहून आलेल्या मुर्शिद कुलीखानाने. तो आधी बालाघाटचा, म्हणजे दख्खनच्या घाटावरच्या मुलखाचा, दिवाण होता. नांदेडकडचा भाग त्यातच येई. त्याने उजाड गावांत पाटील नेमले, बी-बियाण्यांना आणि बैलांना तगाई दिली, जमीन मोजली. मोजणीची साखळी तो कधी कधी स्वतः धरी, असं सांगतात. जिथे नांगरामागे ठरावीक सारा घेण्याचा जुना रिवाज लोकांना सोयीचा होता, तिथे त्याने तो मोडला नाही. बटाईत, म्हणजे पिकाच्या वाटणीत, जिरायतीचा निम्मा आणि विहिरीवरच्या धान्याचा तिसरा हिस्सा सरकारचा. आजच्या हिशेबाने हा सारा भारीच. पण किती द्यायचं ते आधी कळू लागलं, हीच मोठी सुधारणा.

किल्ले घेणाऱ्यांची नावं इतिहासात ठळक आहेत. नांदेडचा सुभा सावरला तो मात्र वसुलीच्या या माणसाने, असं म्हणायला हरकत नाही. 1657 मध्ये बीदर पडलं, सरहद्द दक्षिणेला सरकली आणि तेलंगणाचा वेगळा सुभा राहिला नाही. नांदेड बीदरच्या सुभ्यात गेलं. मुर्शिद कुलीखान एप्रिल 1658 मध्ये, शाहजहानच्या मुलांमधल्या गादीच्या झगड्यात, धर्मतच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याचा धारा दख्खनमध्ये पुढे बराच काळ चालू राहिला.