बुद्ध ऐकत नाही, मग हात कशाला जोडायचे?

हा एपिसोड लोहगडवाडीत रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओमध्ये वारा जरा जास्तच ऐकू येतो. ज्यांना त्याचा त्रास झाला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सकाळी मळवलीला लोकलमधून उतरलो, भाजे लेणी पाहिली आणि गायमुख खिंडीतून इथवर चालत आलो. बरोबर मामेबहीण होती. तिच्या स्पर्धा परीक्षेचा निकाल लागायचाय. भाज्याच्या चैत्यगृहात उभी राहून तिने विचारलं, "दादा, इथे मूर्तीच नाहीये. मागायचं कुणाकडे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धतच नव्हती. समोर फक्त स्तूप. बाजूला आणखी १४ स्तूपांचा गट आहे, ती तिथल्या थेरांची म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची स्मारकं. काहींवर त्यांची नावंही कोरलीत.

मी म्हटलं, मागायचं काहीच नाही. तर ती वैतागली. "मग आजी रोज पहाटे वंदना म्हणते ते काय? पाली तर तिला येत नाही. ती पण अंधश्रद्धाच ना?"

आता इथे घाईने हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही.

आधी प्रार्थनेचं बघू. संयुत्त निकायात एक गोष्ट आहे. नालंदेला असिबंधकपुत्त नावाचा एक गावप्रमुख बुद्धांकडे येतो. म्हणतो, काही ब्राह्मण मेलेल्या माणसाला स्वर्गात पाठवतात, तुम्हाला जमेल का? बुद्ध त्यालाच विचारतात : खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर गर्दीने हात जोडून 'वर ये, वर ये' म्हटलं, तर येईल का? नाही. आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं तर? खापऱ्या तळाला जातील, तूप वर येईल. त्याला 'बुडून जा' म्हणून कितीही विनवा, ते बुडणार नाही. माणसाचं कर्मही तसंच. कुणी मध्ये पडून ते बदलून देत नाही.

मग वंदनेत असतं काय? त्रिसरण, पंचशील नीट ऐका. पंचशीलात 'मला दे' असं एकही क्रियापद नाही. पाचही वेळा बोलणारा स्वतःबद्दलच बोलतो : मी हिंसेपासून दूर राहण्याचा नियम स्वीकारतो, चोरीपासून, व्यभिचारापासून, खोटं बोलण्यापासून, नशेपासून. म्हणजे अर्ज नाही, करार आहे, आणि सहीही आपलीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा वाचा, तिथेही 'मी'च आहे.

पण खरं सांगू का, आपल्यातही गडबड होतेच. अर्थ न कळता म्हटलेलं सुत्त, नोकरी लागावी म्हणून मनगटाला बांधलेला दोरा, पैसा यावा म्हणून दारात ठेवलेला लाफिंग बुद्धा. (तो गौतम बुद्ध नाहीच! बुदाई नावाचा चिनी भिक्खू आहे तो.) देव बदलला आणि मागणं तेच राहिलं, तर मग बदललं काय?

दुसऱ्या बाजूचीही गडबड आहे. कालाम सुत्ताच्या नावाने रील फिरतात की बुद्ध म्हणाले, फक्त तुमच्या तर्काला पटेल तेच माना. केसपुत्तच्या कालामांना सांगितलं ते एवढं सोपं नाही. परंपरा, ग्रंथ, गुरूचा मान यांच्या जोरावर मानू नका, हे खरं. पण नुसत्या तर्कावरही विसंबू नका, असंही त्यात आहे. वागून बघा, लोभ-द्वेष वाढतो की कमी होतो ते तपासा, शहाणी माणसं त्याला काय म्हणतात तेही बघा. माझ्या मते हे रीलपेक्षा बरंच अवघड काम आहे.

आता आजी. तिचं माहेर देहूरोडचं, याच लोकलच्या वाटेवरचं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आजीचे वडील त्या गर्दीत होते असं घरात सांगतात.

वाडीत रेंज मिळाल्यावर बहिणीने तिला फोनच लावला. स्पीकरवर. "आजी, तू म्हणतेस त्याचा अर्थ येतो का तुला?"

"शब्दन् शब्द नाही येत गं. पण कुठलं शील कशाचं ते येतं. पाचवं तर मी मुद्दाम मोठ्याने म्हणायची, तुझ्या आजोबांच्या कानावर पडावं म्हणून. सात वर्षं म्हणत होते. मग एक दिवस तेच शेजारी येऊन बसले."

"आणि दारू?"

"लगेच नाही सुटली. दोनदा मोडलं त्यांनी. परत म्हटलं."

पिठलं-भाकरी येईपर्यंत बहीण काही बोलली नाही. मग म्हणाली, चौथं शील अवघड आहे, मुलाखतीत छंद काय सांगायचे?

निकाल अजून लागायचाय.