फिल्मचा गोंद काढताना ब्लेड नको!

मोटारीच्या काचेवरील जुनी सनफिल्म निघते. मात्र तिचा चिवट गोंद काचेलाच धरून राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर फिल्म लावण्यास मनाई केल्यानंतर अनेक वाहनधारकांना हा अनुभव आला. अशा वेळी घाईने ब्लेड चालविणे महागात पडू शकते.

अनेक गाड्यांच्या मागील काचेवर आतून बारीक आडव्या रेषा असतात. त्यांतून वीजप्रवाह गेला, की काच तापते व तिच्यावरील बाष्प निघून जाते. ब्लेडने रेष तुटली, की तेवढा भाग तापत नाही आणि ऐन पावसाळ्यात मागचे अंधुक दिसते.

फिल्म काढण्यापूर्वी हेअर ड्रायरने ऊब दिल्यास बराचसा गोंद तिच्यासोबतच येतो. उरलेल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात भिजविलेले फडके दहा मिनिटे ठेवावे आणि रेषांच्या दिशेनेच हलक्या हाताने पुसावे. तरीही डाग राहिल्यास थोडे स्पिरिट वापरावे. मात्र त्याची वाफ पेट घेत असल्याने दारे उघडी ठेवावीत.

काचेभोवतीच्या रबरी पट्टीला रॉकेल वा पेट्रोल लावू नये. त्याने रबर फुगते. थिनरने प्लॅस्टिक खराब होते. तेथे साबणाचे पाणीच बरे.