गंधकाची चालती बॅटरी

तासगावच्या द्राक्षबागांत भुरीवर धुरळला जाणारा आणि साताऱ्या-सांगलीच्या साखर कारखान्यांत उसाचा रस उजळण्यासाठी जाळला जाणारा गंधक आपल्या शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाचा आहे; परंतु याच स्वस्त मूलद्रव्याची लिथियमशी जोडी जमवली असता दर ग्रॅम गंधकामागे तत्त्वतः १६७५ मिलिअँपिअर-तास विद्युत्भार साठवता येतो, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

अडचण अशी, की बॅटरी उतरत असताना आठ अणूंच्या वलयाकार गंधकरेणूचे लिथियम सल्फाइड होईपर्यंत मधल्या पायऱ्यांवर जी पॉलिसल्फाइडे निर्माण होतात, ती बॅटरीतील द्रवात विरघळून थेट लिथियमपर्यंत पोहोचतात आणि बॅटरीची शक्ती क्षीण करतात. बंद पडलेली बॅटरी फोडून पाहणे हा निव्वळ मरणोत्तर पंचनामा होय. तोवर हे चंचल पदार्थ बदलून गेलेले असतात. म्हणून संशोधक चालत्या बॅटरीलाच क्ष-किरण वा प्रकाश आत जाऊ देणारी खिडकी ठेवतात. क्ष-किरणांच्या विवर्तनात स्फटिकी गंधकाच्या खुणा आरंभीच मावळताना दिसतात, आणि पुन्हा चार्ज करताना परतणारा गंधक पुष्कळदा मूळच्या समचतुर्भुजी रचनेचा नसून एकनत रचनेचा असतो, ही मला यातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

विरघळलेली द्रव्ये मात्र विवर्तनाला सापडत नाहीत, कारण त्याला अणूंची नियमबद्ध मांडणी लागते. तेथे १९२८ साली रामन यांनी शोधलेला प्रकाशपरिणाम उपयोगी पडतो. लाजवर्दाला निळाई देणारा तीन गंधकाणूंचा मूलकही त्यात ओळखता येतो. तथापि खिडकीपाशी दाब वेगळा पडत असल्याने शेजारी साधी बॅटरी चालवून दोन्हींचे दाखले ताडून पाहणे मी अत्यावश्यक मानतो.