पिक्सेल आर्टमधील ॲनिमेशन : एकट्या निर्मात्याचे शिक्षण

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र पिक्सेलचे, म्हणजेच चित्रबिंदूंचे बनलेले असते. तथापि ज्या चित्रातील प्रत्येक बिंदू कलावंताने हेतुपूर्वक ठेवलेला असतो, त्यासच ‘पिक्सेल आर्ट’ म्हटले जाते. मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना व्हिडिओ गेम तयार करणाऱ्यांमध्ये ही शैली विशेष रूढ आहे. ती सोपी असल्यामुळेच निवडली जाते, असा समज आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाचा विचार केला आहे.

या शैलीचा उगम यंत्राच्या मर्यादेत आहे. १९८१ मध्ये निन्टेन्डोच्या ‘डाँकी काँग’साठी शिगेरू मियामोतो यांनी रेखाटलेल्या नायकास टोपी मिळाली, ती केस दाखविणे अवघड म्हणून, आणि मिशा मिळाल्या, त्या तोंड काढावे लागू नये म्हणून. हाच पुढे मारिओ झाला. यंत्राची ती मर्यादा आता उरलेली नाही. आजचा निर्माता ती स्वेच्छेने पत्करतो.

१६ बिंदू रुंद व ३२ बिंदू उंच आकृतीत अवघे ५१२ बिंदू असतात. तीत डोळा म्हणजे एखाद-दुसरा बिंदू. अशी आकृती श्वास घेताना दाखवायची, तर छाती अर्धा बिंदू हलविता येत नाही. मग कडेच्या बिंदूस मधली छटा दिली जाते; बिंदू जागचा न हलता कडा सरकल्याचा भास होतो. चालण्यातही टाच टेकणे, शरीर खाली जाणे, एक पाय दुसऱ्याजवळून पुढे जाणे व शरीर उचलले जाणे या चार अवस्था ओळखाव्या लागतात; मात्र लहान आकृतीत त्यांपैकी दोन अवस्थांवरही काम भागते. कोणत्या गाळाव्यात, हे कळणे हेच खरे शिक्षण होय.

चित्रपटातील ॲनिमेशनचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडलेल्या बारा तत्त्वांपैकी एक म्हणजे क्रियेपूर्वीची तयारी : उडी मारण्याआधी पात्र वाकते. गेममध्ये हे वाकणे लांबले, तर बटण दाबूनही पात्र हलत नाही असे खेळणाऱ्यास वाटते. म्हणून पूर्वतयारी आखूड ठेवून, जमिनीवर टेकतानाच्या चित्रांतून शरीराचे वजन दाखविणे अधिक हिताचे ठरते.

अमेरिकेतील एरिक बॅरोन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०११ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊनही नोकरी न मिळाल्याने त्यांनी प्रोग्रॅमिंगच्या सरावासाठी एक गेम हाती घेतला. चित्रे, संगीत, कथा सारे एकट्याने करीत, सिएटलमधील नाट्यगृहात अर्धवेळ काम सांभाळत सुमारे साडेचार वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘स्टार्ड्यू व्हॅली’ प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या. पिक्सेल आर्ट ते काम करता करताच शिकले. हात सुधारेल तशी आधीची चित्रे उणी वाटू लागत, आणि ती पुनःपुन्हा काढली जात. एकाच गेममध्ये दोन वेगवेगळ्या कौशल्यांचे हात दिसून चालत नाही, ही स्वयंशिक्षिताची मोठी अडचण. ५१२ बिंदूंची आकृती टाकून देणे मात्र परवडते. एकट्याला ही शैली सोयीची ठरते ती बहुधा याच कारणाने. रेखाटणे सोपे म्हणून नव्हे.

नवशिक्याने उसळणाऱ्या चेंडूपासून आरंभ करावा, नंतर उभ्या आकृतीचा श्वास व मग चाल घ्यावी. ‘एसप्राइट’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये मागचे चित्र पुसट दिसत असल्याने फरक जोखता येतो. परीक्षण मात्र मोठे करून पाहिलेल्या चित्राचे नव्हे, तर गेममधील प्रत्यक्ष आकारात, त्याच पार्श्वभूमीवर, बटणावर बोट ठेवून करावे.