बहुमंची प्रकल्पांतील अवलंबनांचे आरेखन

एकच प्रणाली अँड्रॉइड, आयओएस व सर्व्हर अशा निरनिराळ्या मंचांवर चालवावयाची असेल, तर तिचा सामाईक भाग एकदाच लिहून मंचविशिष्ट भाग तेवढा निराळा ठेवणे इष्ट ठरते. जेटब्रेन्सच्या कॉटलिन भाषेतील ही सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. अशा प्रकल्पाची विभागणी दुहेरी असते. प्रकल्प मॉड्यूलांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक मॉड्यूल पुन्हा ‘सोर्स सेट’ म्हणजे स्रोतसंचांत. ‘कॉमनमेन’ हा सर्व मंचांना सामाईक संच होय. ‘अँड्रॉइडमेन’, ‘आयओएसमेन’ हे त्याचे विशिष्ट आविष्कार.

या रचनेचे चित्र काढू पाहणारा बहुधा प्रत्येक संबंधासाठी एकच बाण वापरतो, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. वस्तुतः संबंध दोन जातींचे आहेत. पहिला मॉड्यूलाच्या पोटातला: विशिष्ट संच सामाईक संचावर विसंबतो, उलट कधीही नाही. कॉमनमेनला आयओएसमेनमधील नावे दिसतच नाहीत. तो ‘एक्स्पेक्ट’ या शब्दाने केवळ अपेक्षा नोंदवितो व विशिष्ट संच ‘ॲक्चुअल’ने ती पुरी करतो. दुसरा संबंध एका मॉड्यूलाच्या संचाने दुसऱ्या मॉड्यूलाची मदत घेण्याचा. (चाचणीसंच आणि मुख्य संच यांचे नाते या दोहोंहून वेगळे आहे, ते तुटक रेषेने दाखवावे हे बरे.)

संच वगळून केवळ मॉड्यूले काढली तर चित्र सुटसुटीत होते खरे, परंतु ते फसवे असते. समजा, ‘अ’चा सर्व्हरसंच ‘आ’वर आणि ‘आ’चा आयओएससंच ‘अ’वर अवलंबून आहे. संचांच्या पातळीवर कोठेही चक्र नाही. संच एकत्र मिटविताच मात्र ‘अ’ व ‘आ’ परस्परांवर विसंबलेले दिसतात. निश्चक्र आलेखाचे गट पाडले म्हणजे निश्चक्रता टिकतेच असे नाही, हे येथे विसरता कामा नये.

उलटपक्षी, सर्व संच काढल्यास रेषांचे जाळे होते. कॉमनमेनमध्ये घोषित केलेले अवलंबन इतर संचांकडे आपोआप उतरते. असे उतरलेले बाण गाळावेत. निश्चक्र आलेखातील अनावश्यक बाण वगळून उरणारा लघुतम आलेख एकमेव असतो, हे अहो, गॅरी व उलमन यांनी १९७२ मध्ये दाखविले. तथापि प्रकल्पकर्त्याने हेतुपुरस्सर घोषित केलेला बाण अनावश्यक असला तरी गाळू नये. तो त्याच्या निर्णयाची नोंद आहे. उरलेल्या आलेखाची मांडणी सुगियामा, तागावा व तोदा यांच्या १९८१ च्या थरवार पद्धतीने करता येते. रेषांचे छेद किमान करणे हा प्रश्न दोन थरांपुरताही एनपी-पूर्ण असल्याने ग्राफव्हिजचे ‘डॉट’ हे साधन अदमासाच्या रीतींवर भागविते.

या मांडणीत प्रत्येक मंचाला स्वतंत्र स्तंभ द्यावा. एखाद्या मॉड्यूलाचा कॉमनमेन, आयओएस आवृत्तीच नसलेल्या ग्रंथालयावर विसंबला असेल, तर बांधणी मोडण्यापूर्वीच आयओएसच्या स्तंभात त्या ग्रंथालयाची जागा रिकामी दिसते.